अमावास्येची सुट्टी

साठाव्या दिवशी सकाळी माझी झडप फाटली, आणि मी आनंदाने किंचाळले.

आधी झडप म्हणजे काय ते सांगते. आपल्या हृदयात रक्ताला पुढे जाऊ देणारी आणि मागे फिरू न देणारी दारं असतात. त्या झडपा. एखादं दार बिघडलं की डॉक्टर तिथे बनावट दार बसवतात. पण माणसाच्या छातीत बसवण्याआधी ते बनावट दार कोणालातरी उघडझाप करून, ताणून, छळून बघावं लागतं. हे छळण्याचं काम माझी आई करते. पद्मजा मगदूम. कुपवाडच्या एमआयडीसीत तिची प्रयोगशाळा आहे, बिस्किटांच्या कारखान्याच्या अगदी मागे. तिथे माणसाच्या हृदयाचे सुटे भाग दिवसभर व्हॅनिलाच्या वासात फडफडत असतात.

त्यातली सगळ्यात गाजलेली झडप म्हणजे 'संधान'. ती दोन वर्षं दोन महिन्यांपूर्वी, अगदी पहिल्या काही लोकांत, माझ्या बाबांना बसवली. हे मला माहीत होतं. आपल्याला आपला पत्ता माहीत असतो ना, तसं. तरीही मी किंचाळले.

कारण सांगते. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात पाणी प्यायला जाऊ का, हेसुद्धा विचारायला घाबरायचे. मग आठवीत जिल्हा विज्ञान प्रदर्शनात माझा दुसरा नंबर आला. मंचावर माईक मिळाला. तेव्हापासून तो माझ्या हातातून सुटलेलाच नाही, असं आई म्हणते. नववीत मला पहिलाच नंबर हवा होता. मी विषय घेतला, 'संधान झडप खरोखर दहा वर्षं टिकते का?' प्रयोगशाळेचे प्रमुख तेरदाळे सर हसले आणि म्हणाले, "टिकते बाळा, तुझ्या आईनेच तपासलीय. पण बघ तूही." त्यांनी मला स्टोअरमधलं एक जुनं यंत्र दिलं. आईने तपासल्या त्याच गटातली, कागदोपत्री वापरून संपलेली पण प्रत्यक्षात कोरी अशी एक झडपही दिली.

आता यंत्राचं गणित. हृदय मिनिटाला बहात्तर ठोके देतं. वर्षाचे होतात पावणेचार कोटींच्या वर, दहा वर्षांचे अडतीस कोटी. दहा वर्षं थांबायला कोणाला वेळ आहे? म्हणून पारदर्शक कप्प्यात सदतीस अंशांचं खारं पाणी भरतात, मध्ये क्लॅम्पच्या चिमट्यात झडप बसवतात, आणि दट्ट्याने ते पाणी सेकंदाला अठरा वेळा ढकलतात. म्हणजे हृदयाच्या पंधरापट वेग. झडप हलताना दिसतच नाही, नुसती एक दुधी टिकली थरथरत राहते. आठ महिन्यांत दहा वर्षं संपतात. आईने बारा यंत्रांवर बारा झडपा अशा आठ महिने चालवल्या होत्या. एकही फाटली नाही. मेंढ्यांवरही सहा महिने चाचणी झाली. मग परवानगी मिळाली, आणि आज अकरा हजार लोकांच्या छातीत संधान आहे.

माझं यंत्र सुरू झालं आणि तीन आठवड्यांनी अमावास्या आली.

आईच्या प्रयोगशाळेत अमावास्येला यंत्रं थांबतात. आमच्या भागात लेथवाला असो की ट्रकवाला, सगळ्यांचं तसंच असतं. सकाळी दहाला बटण बंद. मग यंत्रं पुसायची, हळद-कुंकू वाहायचं, लिंबू-मिरची बदलायची, नारळ फोडायचा. त्या दिवशी यंत्राला पुन्हा कामाला जुंपायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरू करायचं. नारळ फोडायचा मान आईचा.

"शालू, तुझंपण बंद कर गं," ती म्हणाली. "त्यालाही कुंकू लावते."

"माझं बंद होणार नाही."

"का बरं?"

"मी वहीत 'अखंड' लिहिलंय."

"अगं, अखंडच असतं ते. आकडा जिथे थांबतो तिथूनच उद्या पुढे चालू होतो. एका दिवसानं काय होतंय?"

"आई, हृदय अमावास्येला सुट्टी घेतं का?"

तेरदाळे सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पद्मजाबाई, पोरगी वकील होणार तुमची!"

आईने माझ्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा कोंबला. पुढच्या अमावास्येलाही असंच झालं, फक्त या वेळी तिने मला विचारलंच नाही.

आणि साठाव्या दिवशी, नऊ कोटी एकतीस लाख ठोक्यांना, माझी झडप फाटली. दुधी टिकलीचा एक पापुद्रा लोंबत होता. कंपनी म्हणते दहा वर्षं, मी म्हणते अडीच! मी आईच्या यंत्रांच्या हॉलमध्ये पळत गेले, आईचा हात धरून तिला ओढत आणलं. "बघ! बघ ना! राज्याच्या प्रदर्शनात जाणार मी!"

आई वाकली. तिने कप्प्याला नाक लावलं.

"क्लॅम्प कसा लावला होतास?" तिने विचारलं.

"तू शिकवलास तसा."

"घट्ट झाला असेल."

"नाही झाला. मी—"

"घट्ट झाला असेल, शाल्मली." माझं पूर्ण नाव ती फक्त शाळेच्या फॉर्मवर लिहिते. मग ती अगदी हळू म्हणाली, "घरी काही बोलू नकोस."

तेव्हा कुठे मला आमच्या घराचा पत्ता आठवला.

बाबांबद्दल सांगते. अभिनंदन मगदूम, मगदूम मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मालक आणि एकमेव शिक्षक. आता गाड्या आपोआप चालतात, पण कायद्याने प्रत्येकाला हाताने चालवताही आली पाहिजे, म्हणून बाबांचं दुकान चालू आहे. त्यांच्याइतका शांत माणूस मी पाहिलेला नाही. शिकाऊ माणूस गाडी सरळ उसाच्या ट्रॉलीवर घालत असला तरी बाबा म्हणतात, "छान. आता जरासं डावीकडे." लहानपणी सांधेतापात त्यांची झडप गेली. छाती दोनदा उघडून झाली. दुसऱ्या वेळी संधान बसवली, कारण ती आयुष्यभराची, आणि ती आईने स्वतः तपासलेली.

पुढचे दहा दिवस मी माझी चूक शोधत होते. एरवी कोणी मला चुकीचं म्हटलं तर मी आठवडाभर त्या माणसाशी बोलत नाही. त्या दहा दिवसांत मला एवढंच हवं होतं की मी ठार मूर्ख निघावं. क्लॅम्प वाकडा असावा, पाणी जास्त खारं असावं, काहीही. पण सूक्ष्मदर्शकाखाली क्लॅम्पपाशी ओरखडाही नव्हता. फाट पडद्याच्या बरोबर मध्ये होती. मी एक तक्ता केला. एका बाजूला आईची बारा यंत्रं, दुसऱ्या बाजूला माझं. पाणी तेच, तापमान तेच, दाब तोच, झडपेचा गट तोच. शेवटी तक्त्यात एकच ओळ वेगळी उरली.

मी तो तक्ता आईसमोर ठेवला. तिने वाचला आणि स्टुलावर बसली.

संधानची सगळी गंमत अशी की ती स्वतःला बरी करते. तिच्यातल्या साखळ्यांना जणू हात असतात. वाकून वाकून काही हात सुटतात, सुटलेला हात शेजारचा दुसरा हात पकडतो, की भेग बुजली. कंपनीचं म्हणणं होतं की हे दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात होतं. पण फुगडी खेळताना हात निसटला तर फिरता फिरता तो परत धरता येतो का? थांबावंच लागतं. संधानलाही थांबावं लागतं, तासन् तास. आईची यंत्रं दर अमावास्येला दिवसभर थांबत होती. दर महिन्याला बारा झडपा शांतपणे आपले सगळे हात पुन्हा धरत होत्या, आणि दुसऱ्या सकाळी नव्यासारख्या होऊन कामाला लागत होत्या.

आईने जुनी नोंदवही काढली. आठ महिन्यांची. शेवटचा रकाना होता, 'चाचणीत खंड'. त्याखाली तिच्या गोल, नीटनेटक्या अक्षरात प्रत्येक ओळीत एकच शब्द होता. नाही. नाही. नाही.

"तू 'नाही' लिहिलंस," मी म्हणाले. मला तेव्हा कुठे थांबायचं ते कळत नव्हतं. "आठ वेळा थांबवलंस आणि 'नाही' लिहिलंस."

"पूजेला कोणी खंड म्हणतं का गं?" ती म्हणाली. मग वही मिटून तिच्यावर दोन्ही हात ठेवत म्हणाली, "तुला माहितीय, मी काय मागायचे? नारळ फोडताना? यातली एक यांना बसू दे, एवढंच."

आम्ही दोघी मिरजेला डॉक्टर नसीमा मुजावरांकडे गेलो. बाबांची छाती त्यांनीच उघडली होती. मी रस्ताभर उपाय तयार केले होते, वहीत क्रमाने लिहून.

"झडप बदला," मी म्हणाले.

"वर्षभरात शरीर तिच्यावर स्वतःच्या पेशी चढवतं, बेटा. मग ती वेगळी राहतच नाही. काढायला गेलं तर भिंतही फाटून येईल."

"तिच्या आत दुसरी बसवा. मांडीतून तार घालून बसवतात तशी."

"त्याला बाहेरून कडक कडं लागतं, अडकवायला. संधान पूर्ण मऊ आहे. तेच तिचं कौतुक होतं."

"मग हृदय थांबवा! महिन्यातून एक दिवस, यंत्रावर ठेवून."

माझं पान त्यांनी आपल्याकडे ओढून वाचलं. "कल्पना चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण वीस तास त्या यंत्रावर काढण्यासारखी त्यांची मूत्रपिंडं नाहीत. एकदासुद्धा नाही. मी गोळ्या देते, ठोके अठ्ठावन्नवर येतील. थोडे दिवस मिळतील."

"थोडे म्हणजे?" आईने विचारलं.

"आठवडे, पद्मजाताई."

मग आईने बाकीच्यांचं विचारलं. अकरा हजारांतल्या साधारण तीन हजार चारशे जणांना झडप बसवून अजून वर्ष झालेलं नव्हतं. त्यांची काढता येणार होती. पण रोज नऊ-दहा जण ते वर्ष ओलांडत होते.

"मग आजच सांगा त्यांना!" मी म्हणाले.

"शाळेतल्या मुलीच्या एका झडपेवर? छाती उघडली की शंभरातले चार-पाच टेबलावरच जातात. तू चुकलेली असशील, तर ते मी मारलेले असतील." त्यांचा आवाज चढला होता, पण माझ्यावर नाही. "मला बारा द्या. बाराही फाटल्या तर मी स्वतः फोन करेन."

तेरदाळे सरांनी कंपनीला कळवलं. उत्तर दोन ओळींचं आलं. एक नमुना हा पुरावा होत नाही. सरांनी कागद टेबलावर आपटला आणि दुसऱ्याच दिवशी बारा नव्या झडपा चढवल्या. या वेळी सुट्टी नाही. हॉलच्या दारावर आईने स्वतः कागद चिकटवला, 'यंत्रे कोणत्याही कारणास्तव थांबवू नयेत.'

आता माझं गणित ऐका, कारण ते दोन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बाबा त्या दिवशी सव्वाआठ कोटींच्या पुढे होते. यंत्रं शून्यावर. पण यंत्रं पंधरापट पळतात. सत्तावन्नाव्या दिवशी ती बाबांना गाठणार होती. आणि साठाव्या दिवसाच्या आसपास कळणार होतं, मी मूर्ख आहे की नाही ते.

दहाव्या दिवशी बाबांनी मला शाळेतून घेतलं. गाडी ते चालवत होते. गणपती मंदिराच्या चौकात लाल दिवा लागला.

"काय लपवताय दोघी?" त्यांनी विचारलं.

"कुठं काय!"

"परवा अमावास्या झाली. सोळा वर्षं त्या दिवशी घरी खोबरं येतंय. तुझी आई बाळंत झाली तेव्हासुद्धा आलं होतं. या वेळी नाही आलं. आणि मला नव्या गोळ्या आल्या. आणि तू पंधरा दिवसांत एकदाही माझ्याशी भांडली नाहीस."

मी खिडकीतून बाहेर बघत होते. माईक माझ्याच हातात होता, आणि आवाज निघत नव्हता.

"शालू, मी रोज अशा लोकांशेजारी बसतो ज्यांना ब्रेक कुठाय ते माहीत नसतं," बाबा म्हणाले. "मी घाबरत नाही. सांग."

मी सगळं सांगितलं. फुगडीसकट. दिवा हिरवा झाला, मागच्या गाड्या वाजायला लागल्या. बाबांनी शांतपणे इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली, आणि हँडब्रेक ओढला.

"किती?"

"अडीच महिने. गोळ्यांनी तीनेक आठवडे जास्त. पण बाबा, मी चुकलेली असू शकते! क्लॅम्पचा काही—"

"चुकलीयस असं वाटतं तुला?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "आईला सांग, मला कळलंय. मला सांगायचं कसं, याचं टेन्शन आलं असेल तिला." आणि जरा वेळाने, "तिला वहीवरून काही बोलली नाहीस ना?"

मी दप्तराची चेन उघडझाप करत राहिले.

"बोललीस," बाबा म्हणाले. "बरं. आता नको बोलू."

मी पुन्हा बोलले नाही. आईही माझ्याशी फारसं बोलत नव्हती. रोज सकाळी आम्ही दोघी हॉलमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहून बारा आकडे लिहून घ्यायचो. ती वाचायची, मी लिहायचे. प्रदर्शनाचा दिवस आला आणि गेला. आमच्या शाळेतून सौर चुलीचा प्रयोग गेला.

सत्तावन्नाव्या दिवशी बाबा नाश्त्याला म्हणाले, "आज यंत्र मला ओव्हरटेक करणार म्हणे." त्यांनी स्वतःच उप्पीट वाढून घेतलं.

एकोणसाठाव्या दिवशी दुपारी सातव्या कप्प्यातली झडप फाटली. त्यानंतर तासाभरात तिसऱ्यातली. आई फक्त घड्याळ बघून वेळ सांगत गेली आणि मी लिहीत गेले. साठाव्या दिवशी दुपारपर्यंत नऊ गेल्या. एकसष्टाव्या दिवशी सकाळी मी शाळेला दांडी मारली, तेव्हा दोनच चालू होत्या. त्यातली एक दहा वाजता माझ्यासमोर गेली. टिकलीला एक रेघ पडली, मग ती रेघ दारासारखी उघडी राहिली आणि पाणी मागे मागे यायला लागलं.

बाराला बाबा आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सोळा वर्षांत ते कधी हॉलमध्ये आले नव्हते. फाटकापाशी गाडी लावून आईला हॉर्न द्यायचे, एवढंच. ते हात मागे बांधून कप्प्यांसमोरून फिरले, संग्रहालयात फिरतात तसे.

"एवढीशी?" त्यांनी विचारलं.

"एवढीशीच," आई म्हणाली.

"मला वाटायचं मोठी असेल. वाजते छातीत इतकी." मग ते बाराव्या कप्प्यासमोर थांबले. "ही चालू आहे की."

"होय," मी म्हणाले. एकदम घाईने म्हणाले. "होय बाबा, ही अजून—"

माझं वाक्य अर्धं असतानाच आईने मान हलवली. तिने आधीच पाहिलं होतं. कडेला केसाएवढी भेग होती. पंधरा मिनिटांनी तीही गेली, आणि हॉलमध्ये दट्ट्यांचा आवाज उरला, फडफड नाही.

तेरदाळे सरांनी अहवाल भरायला घेतला. चार वाजता पाठवायचा होता, म्हणजे उद्या सकाळपासून डॉक्टर मुजावर आणि बाकीचे लोक फोन सुरू करणार. ज्यांची काढता येते त्यांना. गेल्या दोन महिन्यांत पाचशेहून जास्त जण त्या यादीतून बाहेर पडले होते.

'चाचणीत खंड' या रकान्यात आईने जुन्या चाचणीबद्दल लिहिलं, 'होय. दर अमावास्येस, सुमारे चोवीस तास. चाचणी अधिकारी पद्मजा मगदूम यांच्या हस्ते.' शेवटचं वाक्य लागत नव्हतं. सर ते खोडायला लागले, तिने त्यांचा हात धरला.

मग पहिलं निरीक्षण, म्हणजे माझं पान. मी ते स्वच्छ अक्षरात उतरवलं होतं. झडप नऊ कोटी एकतीस लाख ठोक्यांना फाटली. यंत्र अखंड चालू होते. क्लॅम्पपाशी इजा नाही. खाली माझं नाव, वय पंधरा.

"अज्ञान आहे," सर म्हणाले. "म्हणजे कायद्याने. पालकाची सही लागेल."

"द्या," आई म्हणाली.

"तुमची नाही चालणार, पद्मजाबाई. तुम्ही चाचणी अधिकारी आहात."

बाबांनी खिशातून चष्मा काढला आणि टेबलाशी येऊन बसले.

"बाबा, नको," मी म्हणाले. "मोठी मावशी करेल. मी तिला फोन लावते."

"तिला काय कळतंय यातलं," ते म्हणाले. "सरक."

त्यांनी पान पूर्ण वाचलं, वरपासून खालपर्यंत. माझं प्रगतिपुस्तकसुद्धा ते इतकं नीट कधी वाचत नाहीत. 'अखंड' या शब्दावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं. "अक्षर सुधारलंय तुझं," ते म्हणाले. मग त्यांनी सही केली. पालकाचं नाव, अभिनंदन मगदूम. नाते, वडील.

"तारीख राहिली," सर म्हणाले.

बाबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "आज किती तारीख?"

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. एकसष्टावा दिवस, हे आम्हाला पाठ होतं. बाबांचे किती दिवस उरले तेही, रोजचं, आकड्यानिशी. तारीख कोणालाच सांगता येईना.

शेवटी बाबाच उठले, दाराजवळच्या कॅलेंडरपाशी गेले, चौकटींवरून बोट फिरवत त्यांनी आजचा वार शोधला, आणि परत येऊन तारीख घातली.